फॉर्मवरचा प्रश्न

नवजात बाळाच्या छातीचा फोटो प्रत्यक्षात निघतो तो पापणी लवायच्या आत. तयारी मात्र पंधरा-वीस मिनिटं खाते. मोबाइल मशीन तळमजल्यावरून लिफ्टने वर न्यायचं, त्याची चाकं आणि दांडा पुसायचा, कॅसेट जंतुनाशकाने पुसून धुतलेल्या कपड्यात गुंडाळायची. कॅसेट गार असेल तर थोडा वेळ वॉर्मरखाली ठेवायची, कारण पाठीला गार लागलं की बाळ दचकून रडायला लागतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. माझा दिवस बहुतेक मोडलेल्या मनगटांत, घसरून पडलेल्या आजोबांच्या खुब्यांत आणि टीबीच्या संशयितांच्या छात्यांत जातो. वरच्या मजल्यावरच्या नवजात शिशू कक्षातून, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात, फोन आला की मात्र चहा तसाच ठेवून उठायचं.

बाळाचा फोटो बिघडवायला किती गोष्टी टपलेल्या असतात, ते केल्याशिवाय कळत नाही. मोठ्या माणसाला ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ असं सांगता येतं. इथे मिनिटाला साठ-सत्तर श्वास घेणाऱ्या जिवाच्या पोटाकडे टक लावून उभं राहायचं आणि पोट वर आलं की बटण दाबायचं. क्षण चुकला, श्वास सोडताना फोटो निघाला, तर धडधाकट फुप्फुसंही पांढुरकी दिसतात आणि एखादा नवखा डॉक्टर न्यूमोनिया लिहून मोकळा होतो. म्हणून फोटो स्क्रीनवर आला की मी आधी बरगड्या मोजते. पाठीकडच्या आठ बरगड्या डायफ्रामच्या वर दिसल्या तर श्वास पुरेसा भरलेला होता असं धरायचं. बाळ जरा तिरकं झालं असेल तर एक बाजू काळी, दुसरी पांढरी आणि हृदय उगाच मोठं. पाठीखाली कातडीची घडी पडली तर तिची रेघ फुप्फुसाबाहेर हवा साठल्याचा भास करून देते. इन्क्युबेटरच्या वरच्या झाकणाला काही मॉडेलमध्ये एक भोक असतं. ते नेमकं छातीवर आलं की फोटोत गोल काळा डाग उमटतो आणि फुप्फुसात पोकळी झाली की काय अशी शंका येते. आणि या सगळ्याच्या वर थायमस. ही ग्रंथी बाळपणी मोठी असते, पुढे आक्रसते. छातीच्या वरच्या भागात ती कधीकधी गलबताच्या शिडासारखी त्रिकोणी पांढरी दिसते. नवीन बॅचमधलं कोणी ना कोणी दरवर्षी तिला न्यूमोनिया ठरवतंच.

एक्स-रेची मात्रा बाळाला अगदी थोडी लागते, साधारण 55 ते 60 किलोव्होल्ट आणि एक-दोन एमएएस. प्रकाशाची चौकट छातीपुरतीच ठेवायची, हनुवटी वर, पोट बाहेर. पूर्वी काही ठिकाणी डोक्यापासून पायापर्यंत सगळं बाळ एकाच फोटोत घ्यायची पद्धत होती. मला ती कधी पटली नाही. छाती विचारली असेल तर छातीच द्यावी. सिस्टर लेड ॲप्रन घालून बाळाचे दोन्ही हात डोक्याशी धरते, मी वायर ताणून दोन मीटर मागे सरकते. तेवढ्यात शेजारच्या वॉर्मरजवळ बसलेली एखादी आई विचारते, ‘ताई, आमच्या बाळाला नाही ना लागणार?’ लागत नाही. किरण चौकटीत असतात, बाहेर विखुरतात ते अंतराबरोबर झपाट्याने कमी होतात. ज्याचा फोटो काढायचा त्या बाळालाही एका वेळी साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट एवढाच डोस मिळतो. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे एक फोटो हा तीनेक दिवसांचा नैसर्गिक हिशेब झाला. मी हे आयांना सांगते आणि ते खरंच आहे. तरी व्हेंटिलेटरवरच्या एखाद्या कमी दिवसांच्या बाळाचे रोज सकाळी ‘रुटीन’ म्हणून फोटो काढायचे, हे मात्र मला त्या हिशेबात बसवता येत नाही. थोडं असलं तरी ते कशासाठी घेतलं, याचं उत्तर असायला हवं.

आमच्याकडे विषाणूंचा हंगाम श्रावणात चढतो आणि दसऱ्यापर्यंत टिकतो. उत्तर भारतात थंडी पडली की बाळं आजारी पडतात, इकडे पावसाची झड लागली की. गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, थोरलं भावंड अंगणवाडीतून शेंबूड घेऊन येतं, बारशाला आलेला प्रत्येक जण बाळाचा मुका घेतो. मोठ्या मुलाला दोन दिवस नाक गळून बरं वाटतं. तोच विषाणू तीन आठवड्यांच्या बाळाला मिळाला की ते दूध सोडतं. आरएसव्ही हा त्यातला सगळ्यात हट्टी. 1956 साली तो आधी चिंपांझींमध्ये सापडला, माणसाच्या बाळांत लगेच पुढच्या वर्षी. आता विषाणू ओळखायचा तर नाकातला स्वॅब पाठवावा लागतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाळ एक तर सुधारलेलं असतं नाही तर बिघडलेलं. मग सगळे माझ्या मशीनकडे बघतात.

त्या हंगामातलं एक बाळ लक्षात राहिलं. पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं, तीन आठवड्यांचं. चार दिवस सर्दी होती. आजीने ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं होतं, आईने नाक स्वच्छ करून पाजायचा प्रयत्न केला होता. बाळ छातीला धरलं की दोन घोट घ्यायचं आणि सोडून द्यायचं. नवजात बाळ नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नुसतं नाक बंद असलं तरी दूध आणि श्वास यांतलं काहीतरी एकच त्याला जमतं. आमच्याकडे आणेपर्यंत बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि दाखल करून घेताना ते मध्येच श्वास घ्यायचं थांबलं. लहान बाळांत आरएसव्हीचं हे एक लक्षण असतं. धाप लागण्याआधीच कधीकधी श्वासाचा विसर पडतो.

एसएनसीयूच्या मॅडमनी त्या दिवशी माझ्याकडे फॉर्म पाठवलाच नाही. त्यांनी नाकात सलाइनचे थेंब घालून शेंबूड ओढून काढला, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, नाकातून दाबाने हवा देणारा सीपॅप लावला, कल्चरसाठी रक्त घेतलं, एवढ्या लहान बाळाला जंतुसंसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत द्यायची नेहमीची अँटिबायोटिक सुरू केली. संध्याकाळी त्या बाळाची आजी माझ्या खिडकीपाशी आली.

‘बाई, तुमी तरी काढा की फोटो. पोराला काचंत ठिवलंय, आन् फोटो न काढताच औषध चालू हाय.’

‘आजी, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मला काढता येत नाही.’

‘मग सांगा की त्यास्नी. पैसं लागत आसतील तर भरतो आमी.’

पैशाचा प्रश्न नव्हता, हे त्यांना पटेना. आपल्याकडे फोटो काढला म्हणजे लक्ष दिलं, असं लोकांच्या मनात घट्ट बसलंय. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्यातलेही निम्मे लोक तसंच मानतात.

त्या रात्री उशिरा फोन आला. निवासी डॉक्टर स्वतः बोलत होता. सीपॅपवर असताना बाळाचा ऑक्सिजन एकदम खाली आला होता आणि उजवीकडे हवा नीट ऐकू येत नव्हती. फुप्फुस फुटून हवा बाहेर साठली असेल, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला असेल, तर सुई घालून ती काढावी लागणार होती. नसेल तर सुई घालणं धोक्याचं. मशीन घेऊन वर गेले. या वेळी कॅसेट गरम करायला कोणी थांबलं नाही. फोटोत न्यूमोथोरॅक्स नव्हता. फुप्फुसं भरमसाट फुगलेली होती, दहा बरगड्या मोजता येत होत्या, डायफ्राम दोन्ही बाजूंनी सपाट झाला होता. हृदयाजवळून बाहेर जाणाऱ्या रेघा जाडसर, आणि उजवीकडे अगदी वर एक पांढरा पट्टा. सुईची तयारी परत ट्रेमध्ये गेली, घशातला चिकटा ओढून काढल्यावर ऑक्सिजन वर चढला.

मग वादाला तोंड फुटलं. निवासी डॉक्टरला तो पांढरा पट्टा दिसत होता. न्यूमोनियाच आहे, वरचं अँटिबायोटिक सुरू करूया, असं त्याचं म्हणणं. मॅडम सकाळी आल्या, फोटो बघितला आणि म्हणाल्या, ‘हे कोलॅप्स आहे. औषध बदलू नका.’

त्यांनी त्याला जे समजावलं ते मी पाठीमागे उभी राहून ऐकलं. आरएसव्ही फुप्फुसाच्या बारीक नळ्यांच्या आतल्या पेशींत शिरतो. त्या पेशी मरून गळतात, सूज येते, चिकटा साठतो. नवजात बाळाच्या या नळ्या मुळातच अरुंद असतात, आणि आतल्या वाटेची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. नळी अर्धवट बंद असेल तर श्वास घेताना हवा आत जाते आणि सोडताना अडकते, म्हणून फुप्फुस फुगतं. पूर्ण बंद झाली तर तिच्या पलीकडची हवा रक्तात शोषली जाते आणि तेवढा भाग मिटतो. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात शेजारच्या भागांतून हवा आत यायला आडवाटा असतात, बाळात त्या अजून तयार झालेल्या नसतात. मिटलेला भाग फोटोत पांढरा दिसतो आणि न्यूमोनियाही पांढरा दिसतो. तो कशामुळे पांढरा झाला हे फोटो सांगत नाही.

दोन दिवसांनी बाळ दमलं, व्हेंटिलेटरची नळी घालावी लागली, आणि नळीचं टोक कुठे आहे ते बघायला पुन्हा फोटो झाला. नळी बरोबर होती. उजवीकडचा वरचा पट्टा गेला होता आणि डावीकडे खाली नवीन आला होता. निवासी डॉक्टर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून बराच वेळ बघत उभा होता. जंतूंचा न्यूमोनिया दोन दिवसांत असं बिऱ्हाड हलवत नाही, चिकट्याची गुठळी मात्र हलते. कल्चरमध्ये काही वाढलं नाही, अँटिबायोटिक बंद झाली. बाळ आठवडाभरात नळीवरून आणि मग सीपॅपवरून सुटलं. जाताना आजी माझ्या खिडकीशी आल्या आणि दोन्ही फोटो मागून घेतले. सीडी देता का म्हणाल्या. सीडी आम्ही देत नाही, प्रिंट दिली. ती त्यांनी साडीच्या घडीत जपून ठेवली.

या बाळाच्या आधीच कधीतरी मॅडमनी फॉर्मवर एक ओळ वाढवून घेतली होती: ‘प्रश्न काय आहे?’ त्यापुढे ‘श्वासाचा त्रास’ असं लिहिलेलं चालत नाही, कारण तो प्रश्न नव्हे. ‘न्यूमोनिया?’ हेही त्यांना फारसं आवडत नाही. नळीचं टोक कुठे आहे, हवा बाहेर साठली आहे का, हृदय मोठं आहे का, पोटातली आतडी छातीत चढली आहेत का, सुधारणा अपेक्षित असताना बाळ का बिघडलं, हे प्रश्न. सुरुवातीला आमच्या विभागातही कुरबुर झाली. टेक्निशियनने फॉर्म परत पाठवायचा म्हणजे काय, असं काही डॉक्टरांना वाटलं. मला स्वतःला ते अवघड गेलं. पदाने मी त्यांच्यापेक्षा लहान, आणि ‘प्रश्न लिहिला नाहीये सर’ असं फोनवर म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा. हळूहळू सवय झाली, त्यांनाही आणि मलाही.

मॅडम एकदा चहाच्या वेळी टोरांटोतल्या एका अभ्यासाबद्दल बोलल्या होत्या. 2007 साली प्रसिद्ध झालेला. त्यातली बाळं नवजात नव्हती, दोन महिन्यांपासून दोन वर्षांच्या आतली, साध्या ब्राँकिओलायटिसची, म्हणजे विषाणूने बारीक नळ्या सुजलेली, 265 बाळं. सगळ्यांचा छातीचा फोटो काढला. त्यातल्या फक्त दोघांच्या फोटोत वेगळं काही निघालं. पण फोटो बघण्याआधी डॉक्टर 2.6 टक्के बाळांना अँटिबायोटिक द्यायला निघाले होते, बघितल्यावर 14.7 टक्के. बाळं तीच, आजार तोच, हातात फोटो तेवढा आलेला. 2014 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि 2015 साली ब्रिटनमध्येही अशा बाळांचे फोटो सरसकट काढू नका असं सांगितलं. अर्थात अमेरिकेची ती सूचना एक महिन्यावरच्या बाळांसाठी आहे. आमच्या कक्षातली बाळं त्याहून लहान, आणि त्यांच्यात धाप लागायची कारणंही जास्त: जन्मानंतर फुप्फुसातलं पाणी न सुकणं, कमी दिवसांमुळे फुप्फुसं न उघडणं, पोटात असताना केलेली शी फुप्फुसात जाणं, हृदयाचा दोष, रक्तातला जंतुसंसर्ग. म्हणून एका महिन्याखालच्या बाळाला फोटो नकोच, असं मॅडम म्हणत नाहीत. विचारून काढा, एवढंच.

कोविडच्या काळात विचारणं बंद पडलं होतं. 2020 आणि 2021 ही वर्षं आमच्या विभागात कोणी आठवायला मागत नाही. मोठ्या माणसांत एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, स्कोर हा परवलीचा शब्द झाला होता. पंचवीसपैकी किती, हे गावातल्या पानटपरीवरही लोक बोलायचे. बाळंतीण पॉझिटिव्ह निघाली की नातेवाईक बाळाचाही स्कोर विचारायचे. एका बाळाच्या काकांनी तर बाहेरच्या सेंटरला नेऊन सीटी करू का, असं विचारलं होतं. बाळाच्या छातीचा सीटी म्हणजे साध्या फोटोच्या कितीतरी पट किरण, आणि त्यात मिळणार काय तर काचेसारखा धूसर ठिपका, जो दहा वेगळ्या कारणांनीही असू शकतो. सुदैवाने पॉझिटिव्ह आयांची बहुतेक बाळं ठणठणीत होती. ज्यांना धाप होती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कोविड नसता तरी तीच झाली असती, कारण ती कमी दिवसांची होती. मी पीपीई घालून, मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून, घामाने भिजलेल्या गॉगलमधून बाळाचं पोट वर येण्याची वाट बघायचे. त्या दिवसांतले फोटो काढताना माझी घाई झालेली असायची, आणि ती फोटोत दिसते.

2025 च्या जानेवारीत एचएमपीव्हीच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा पुन्हा तसंच होतं की काय असं वाटलं. टीव्हीवर ‘नवा विषाणू’ म्हणून पट्ट्या फिरत होत्या. तो नवा नव्हता, 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता आणि माणसांत त्याच्या कितीतरी आधीपासून होता. फोटोत तो आरएसव्हीहून वेगळा दिसत नाही. चार दिवस ओपीडीत सर्दीची बाळं घेऊन आया रांगेत उभ्या होत्या, मग बातम्या थांबल्या आणि रांगही.

आता वर सोनोग्राफीचा प्रोब आलाय. एक तरुण डॉक्टर तो शिकून आला. छातीची सोनोग्राफी म्हटल्यावर मी पहिल्यांदा हसले होते, कारण आम्हाला शिकवलं होतं की सोनोग्राफीला हवा चालत नाही आणि फुप्फुस म्हणजे हवाच. त्याने दाखवलं ते असं: निरोगी फुप्फुसावर प्रोब ठेवला की आडव्या समांतर रेघा दिसतात, आणि श्वासाबरोबर एक चकचकीत पडदा पुढे-मागे सरकतो. फुप्फुसात ओल वाढली की वरून खाली उभ्या पांढऱ्या रेघा उतरायला लागतात. विषाणूच्या आजारात त्या काही पट्ट्यांत असतात आणि काही पट्ट्या साफ, कडेला छोटे मिटलेले ठिपके. इटलीतल्या दोन डॉक्टरांनी 2007 मध्ये जन्मानंतर फुप्फुसात पाणी राहिलेल्या बाळांत खाली दाट आणि वर विरळ अशी सीमारेषा या तपासणीत दाखवली, तेव्हापासून नवजात बाळांच्या डॉक्टरांचं याकडे लक्ष गेलं. आईच्या छातीवर कांगारू पद्धतीने झोपलेल्या बाळाच्या पाठीवरूनही बघता येतं. किरण नाहीत, मशीन लिफ्टने आणायला नको, दिवसातून चारदा बघा.

माझं काम कमी होईल का, हे मनात आलं. खोटं कशाला सांगू. पण त्या डॉक्टरनेच मर्यादाही सांगितल्या. फुप्फुस फुगून अडकलेली हवा सोनोग्राफीत नीट कळत नाही, आणि आरएसव्हीच्या बाळात तर तीच मुख्य असते. फुप्फुसाच्या खोल भागातला, बाहेरच्या पडद्याला न टेकलेला डाग दिसत नाही. नळीचं टोक, नाभीतून घातलेल्या नळीची जागा, हृदयाचा एकूण आकार यासाठी फोटो लागतोच. आणि हात सरावलेला नसेल तर प्रत्येक बाळाच्या छातीत उभ्या रेघा दिसायला लागतात.

शिवाय कायदा. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 चा पीसीपीएनडीटी कायदा आहे, आणि त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते. ते मशीन फक्त नवजात बाळाच्या छातीवरच ठेवणार असलात तरी. एसएनसीयूच्या मशीनसाठी फायली किती टेबलांवरून फिरल्या ते मी जवळून पाहिलं. नोंदणी झालेल्या जागेबाहेर ते हलवताही येत नाही. मुलगी पोटात असतानाच नाहीशी होऊ नये म्हणून हा कायदा झाला, तो हवाच आहे. पण जन्मलेल्या मुलीच्या छातीवर प्रोब ठेवायलाही त्याच दारातून जावं लागतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मॅडमसुद्धा गप्प बसल्या.

कधीकधी मला वाटतं, आमच्या या सगळ्या यंत्रांच्या आधी येणारी गोष्ट गडचिरोलीत फार पूर्वी करून झाली आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांत न्यूमोनियाने मरणारी बाळं वाचवायचं काम हाती घेतलं तेव्हा त्यांचा भर एक्स-रेवर नव्हता. गावातल्या कार्यकर्त्यांना श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना पुढचे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजायचं एक साधन केलं. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवलं की अशा मोजणीने आणि वेळेवर दिलेल्या औषधाने बालमृत्यू कमी होतात. मी एका तालुक्याच्या शिबिरात आशाताईंना बाळाच्या पोटाकडे बघत ओठ हलवत मोजताना पाहिलं आणि फोटोसाठी मीही हेच करते, हे लक्षात आलं. फरक एवढाच की त्या साठापर्यंत जातात आणि मी एका श्वासावर थांबते.

यंदाच्या पावसाळ्यात नवीन इंटर्न आले. एका रात्री वरून फॉर्म आला, प्रश्नाच्या ओळीत ‘व्हायरल न्यूमोनिया, रुटीन’. मी फोन केला. तो मुलगा वैतागला, ‘बाळ व्हेंटिलेटरवर आहे, तुम्ही काढा ना.’ मी म्हटलं, सर, येतेच आहे, पण मला काय बघायचंय ते सांगा म्हणजे तसा काढते. फोन ठेवला. मी मशीन घेऊन लिफ्टपाशी पोचते तोच तो जिन्याने खाली आला. आता त्याच्या आवाजात वैताग नव्हता. ‘नळी मघाशी बदलली, तेव्हापासून डावीकडे हवा ऐकू येत नाहीये.’

मग तो प्रश्न झाला. वर जाऊन बाळ सरळ केलं, हात धरले, पोट वर आलं तेव्हा बटण दाबलं. डावं फुप्फुस पूर्ण पांढरं होतं आणि नळीचं टोक उजव्या मोठ्या श्वासनळीत जाऊन बसलं होतं. सिस्टरने पट्टी सोडवली, त्याने नळी एक सेंटिमीटर मागे घेतली आणि स्टेथोस्कोप आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे ठेवला. मी विचारलं, ‘परत एक काढू का सर?’

तो मॉनिटरकडे बघत म्हणाला, ‘नको. दोन्हीकडे हवा येतेय.’